इंजिनाच्या श्वासमार्गातील काजळी

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणाऱ्या बंगळुरूच्या राजाजीनगरात औद्योगिक वसाहत आणि दाट लोकवस्ती शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे गॅरेजांची वाण कधीच पडली नाही. परंतु घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद करावे लागते, आणि कॉर्ड रोडवरच्या खोळंब्यात ते नुसतेच धडधडत राहते, त्यामुळे तेथील कित्येक मोटारमालकांना सर्व्हिसिंगच्या वेळी ‘डीकार्ब करून घ्या’, म्हणजे आत साचलेली काजळी काढून घ्या, अशी सूचना ऐकावी लागते. ही सूचना मान्य करण्याअगोदर आपल्या इंजिनात काजळी नेमकी कोठे बसते, याचा तपशील ज्याने त्याने समजून घेतला पाहिजे.

इंजिनाच्या तळभागात साठणारी तेलाची वाफ वातावरणात न सोडता पुन्हा हवेच्या वाटेने आत घेतली जाते. शिवाय जेथे ईजीआरची योजना असते तेथे धुराचा काही अंशही त्याच वाटेने परत येतो. जुन्या धाटणीच्या एमपीएफआय इंजिनात पेट्रोलची पिचकारी इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडत असल्याने तो भाग आपोआप धुतला जातो. मात्र २०१३ मध्ये आलेली पोलोची टीएसआय किंवा २०१९ मधील व्हेन्यूची टर्बो यांसारख्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा स्पर्श होत नाही आणि तेलकट काजळीचे थर तेथे कालांतराने कठीण होतात. म्हणूनच टाकीत ओतायचे कोणतेही औषध अशा इंजिनातील व्हॉल्व्हपर्यंत पोहोचू शकत नाही. डिझेल गाडीत हाच मळ ईजीआर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड यांत साचतो.

थंड इंजिन सुरू करताना मिसिंग होणे, आयडलिंग अस्थिर असणे, पिकअप मंदावणे ही लक्षणे काजळीची असू शकतात, तशीच ती खराब स्पार्क प्लगचीही असतात. यास्तव प्रथम स्कॅनरने दोष वाचावा आणि बारीक कॅमेरा आत घालून व्हॉल्व्ह प्रत्यक्ष पाहावा, हाच खरा दस्तुर होय.

हवेच्या वाटेवरील थ्रॉटल बॉडीची सफाई व्हॉल्व्हच्या सफाईच्या मानाने सोपी आहे, तरी तीतही खबरदारी हवी. इंजिन थंड असावे, जागा हवेशीर असावी, आसपास ज्योत वा ठिणगी नसावी, हातमोजे आणि चष्मा असावा. त्याच कामासाठी बनवलेला क्लीनर मऊ फडक्यावर घेऊन पुसावे. काही थ्रॉटल बॉडींना आतून कारखान्यातच पातळ लेप दिलेला असतो, तो खरवडून चालत नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने रेटल्यास आतील दंतचक्रांना इजा होण्याचा संभव असतो. हवामापक सेन्सरवर हा क्लीनर चुकूनही उडू देऊ नये. सफाईनंतर अनेक गाड्यांत स्कॅनरने आयडलिंगची पुन्हा जुळणी करावी लागते.

चालू इंजिनात द्रव फवारण्याची रीत मला मान्य नाही. द्रव दाबला जात नसल्यामुळे तो अतिरिक्त गेल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. सुटलेले कठीण कण टर्बोच्या पात्यांवर आदळू शकतात. आणि डिझेल इंजिनात तर हवेच्या वाटेने गेलेला ज्वलनशील द्रव स्वतःच इंधन होतो आणि किल्ली फिरवून बंद केल्यावरही इंजिन आवरत नाही, ही दुर्घटना जीवघेणी ठरू शकते.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात थर खरोखरच जाड असल्यास मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुशाचा दाबाखाली मारा करणे, हा खात्रीचा उपाय आहे. ज्या सिलिंडरचे काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले असणे ही त्यातील अनुल्लंघनीय अट. अन्यथा भुसा सिलिंडरमध्ये शिरतो. उरलेली छिद्रे झाकून ठेवावी, भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, आणि मॅनिफोल्ड बसवताना गॅस्केट नवे घालावे. हे काम घरच्या अंगणात करण्याचे नव्हे.

इंजिनातील तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे आणि मुदतीच्या आत बदललेले असले, की थर बसण्याचा वेग पुष्कळ आवरता येतो. एमपीएफआय गाडीत तक्रार नसताना डीकार्बसाठी पैसे मोजण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. आणि जेथे हे काम करवून घेणे प्राप्तच असेल, तेथे वाचकांनी सफाईपूर्वीचे आणि नंतरचे व्हॉल्व्हचे छायाचित्र मागून घ्यावे आणि मगच बिल चुकते करावे.