मातीचं विरजण

महाड-पोलादपूर भागात बँकेच्या नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. भाताचं पीककर्ज घेणाऱ्या एका शेतकऱ्याला जिवाणू खताची दोन पाकिटं घ्यायला मीच भरीला घातलं होतं. लावणीनंतर महिन्यानं जाऊन पाहतो, तर शेजारच्या खाचरात आणि त्याच्या खाचरात काडीचा फरक नाही. तो बिचारा काही बोलला नाही. ओटीवर बसलेली त्याची म्हातारी आई मात्र म्हणाली, "साहेब, पाकिटं उन्हाळाभर दुकानाच्या पत्र्याखाली होती. विरजण वैलावर ठेवलं तर दही लागंल का?"

म्हातारीनं अख्खं शास्त्र सांगून टाकलं. हवेत ७८ टक्के नत्र आहे. पण भाताला, नाचणीला ते थेट घेता येत नाही. मातीतले काही जिवाणू ते पिकाला उपयोगी रूपात आणतात. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १९०१ साली अ‍ॅझोटोबॅक्टरची ओळख करून दिली. पुढे ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांनी तृणधान्यांच्या मुळांशी राहणारे जिवाणू अभ्यासले. त्यांतल्या अ‍ॅझोस्पिरिलमला १९७८ साली हे नाव मिळालं. तो नत्र तर देतोच, शिवाय वाढीची द्रव्यं सोडून मुळांचा पसाराही वाढवतो.

आपल्या तांबड्या, आम्ल जमिनीत आणखी एक अडचण असते. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. कर्ज मंजूर, पण रक्कम हाती नाही, तशी पिकाची गत! ते स्फुरद मोकळं करणारे जिवाणूही मिळतात.

रीत सोपी आहे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. भाताच्या रोपांची मुळं लावणीआधी त्या द्रावणात बुडवली तरी चालतं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, आणि रासायनिक खतात हे कधीच मिसळायचं नाही.

हे काही शेणखताला पर्याय नव्हे. विरजण कितीही चांगलं असलं तरी दूध लागतंच. २२ जुलै २०२१ च्या पावसात तळियेवर दरड कोसळली, माणसं गेली. डोंगरउतारावरची माती किती जपायला हवी, हे तेव्हापासून वेगळं सांगावं लागत नाही. बांध धड नसेल आणि मातीच वाहून गेली, तर जिवाणू राहणार कुठे?

उभी हयात मी कर्जाच्या कागदांवरच्या तारखा तपासण्यात घालवली. त्या पाकिटावरची तारीख तेवढी वाचायची राहिली. तुम्ही ती जरूर वाचा. पाकीट सावलीत, गारव्याला ठेवा. आत जीव आहे.