कुलूपबंद घराची जबानी

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावी ओसरीवर बसून सरकारी पाहणीचा कर्मचारी जेव्हा गेल्या तीस दिवसांत ज्वारीवर किती खर्च झाला असे विचारतो, तेव्हा घरची बाई आधी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे पाहते. कारण ज्वारी घरच्या रानातली, तिला रोख पैसा पडलेलाच नाही, आणि म्हणून तिची किंमत काय धरावी हे दोघांना बोलून ठरवावे लागते. 1950 साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी अशा संभाषणांवरच उभी आहे. 2022-23 च्या घरगुती उपभोग-खर्च पाहणीत 2,61,746 कुटुंबांची माहिती नोंदली गेली.

अफाट लेखी मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता यावा हे ताडणाऱ्या एआय प्रारूपाला एखाद्या कुटुंबप्रमुखाची भूमिका देऊन त्याचीच जबानी घ्यावी, असा विचार आता अर्थशास्त्रात रुजू पाहत आहे. बर्फाच्या वादळानंतर दुकानदाराने फावड्याची किंमत 15 डॉलरवरून 20 केली तर ते न्याय्य काय, या प्रश्नावर 1986 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात 82 टक्के लोकांनी ती वाढ अन्याय्य म्हटली होती. एमआयटीचे जॉन हॉर्टन यांनी 2023 साली तोच प्रश्न, निरनिराळ्या राजकीय मतांची पात्रे बहाल करून, यंत्राला विचारला, आणि भाववाढ जितकी मोठी तितकी नापसंती वाढत गेल्याचे त्यांना आढळले. प्रश्नावलीतला संदिग्ध शब्द गावात जाण्यापूर्वीच हेरण्यासाठी अशी रंगीत तालीम फार उपयोगाची आहे, हे मी मनापासून मानतो.

परंतु गंगाखेड-सोनपेठकडच्या ऊसतोड करणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल कर्जात धरावी की आगाऊ मजुरीत, आणि नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो तेव्हा त्यात बाईची कमाई किती, याचा उलगडा ती दोघे आपापल्या परीने करतात, आणि तो क्वचितच कुठे लिहिला गेलेला असतो. यंत्राची उत्तरे माणसांच्या उत्तरांहून एकमेकांच्या अधिक जवळ पडतात, असे पुढील अभ्यासांत दिसले आहे. कोरडवाहू मुलखात तर चार एकरांचे दोन शेजारीसुद्धा एका विहिरीच्या पाण्यामुळे दोन निराळ्या हिशेबांचे धनी असतात.

दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की पाहणीवाल्याला पुष्कळ घरांवर कुलूप दिसते, तो तशी नोंद करून दुसरे कुटुंब निवडतो, आणि त्या नोंदीतूनही गावाची अर्थस्थिती बोलत असते. यंत्राला त्याच कुटुंबाचे वर्णन दिले तर ते दार उघडून ज्वारीचा खर्च सांगू लागते.