घड्याळाचें पदक : जुन्या शेतकी इंजिनांची निशाणी कशी ओळखावी

खिशांतील घड्याळ चटकन् बाहेर ओढतां यावें म्हणून त्यास चामड्याची पट्टी लावीत आणि पट्टीच्या बाहेरच्या टोकास धातूचें एक लहान पदक लोंबत ठेवीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या अंगावर हें पदक सर्रास दिसे. वाफेचीं इंजिनें, मळणीयंत्रें व ट्रॅक्टर करणाऱ्या कारखान्यांनीं ही संधि ओळखली, आणि आपलें नांव, निशाणी व इंजिनाचें चित्र उठविलेलीं पदकें एजंटांमार्फत गिऱ्हाइकांस फुकट वांटलीं. त्याच वस्तूंस आज संग्राहक मोल देतात. आणि जेथें मोल आलें तेथें नक्कलहि आली. म्हणून असें पदक हातीं आल्यास तें कोणाचें, केव्हांचें व खरें कीं खोटें, हें ठरविण्याची रीति आम्ही येथें देत आहों.

सर्वांत आधीं कंपनीचें नांव अक्षरशः वाचावें. विस्कॉन्सिन संस्थानांतील रॅसीन गांवच्या केस कंपनीचें उदाहरण घ्या. गरुड ही तिची निशाणी. हा गरुड कल्पनेंतला नव्हे. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत विस्कॉन्सिनच्या आठव्या पायदळ पलटणीनें बरोबर बाळगलेला 'ओल्ड एब' नांवाचा खरा पक्षी तो. परंतु ही निशाणी १९६९ पर्यंत चालू होती. सबब नुसत्या गरुडावरून काल ठरत नाहीं. नांव मात्र काल सांगतें. १८८० पासून १९२८ पर्यंत ही कंपनी 'जे. आय. केस थ्रेशिंग मशीन कंपनी' म्हणवीत असे. पुढें 'थ्रेशिंग मशीन' हे शब्द गळाले. ते शब्द असलेलें अस्सल पदक त्या कालमर्यादेंतलें समजावें.

त्याच गांवीं 'जे. आय. केस प्लाऊ वर्क्स' नांवाची नांगर करणारी दुसरी, स्वतंत्र कंपनी होती. ती १९२८ सालीं मॅसी-हॅरिस कंपनीनें घेतली. या दोहोंत गल्लत होऊं देऊं नये. तसेंच इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट येथील रूमेली कंपनी १९१५ सालीं 'ॲडव्हान्स-रूमेली' झाली व १९३१ सालीं ॲलिस-चामर्स कंपनीनें ती विकत घेतली. म्हणजे जोडनांवाचें पदक या सोळा वर्षांतलें.

मग पदक उलटावें. मागल्या बाजूस पुष्कळदां पदक घडविणाऱ्या कारखान्याचें नांव बारीक अक्षरांत असतें. न्यूअर्क येथील व्हाइटहेड अँड होग हें त्यांपैकीं एक प्रसिद्ध नांव. कधीं विक्रेत्याचें व त्याच्या गांवाचें नांव असतें. त्यावरून पदक कोणत्या मुलखांत वांटलें गेलें तें कळतें.

आतां खरेंखोटें. अस्सल पदक बहुधा पोलादी ठशानें दाबून उठविलेलें असे. आपल्याकडे देवाचा टाक ठशावर उठवितात, त्यांतलाच हा प्रकार. त्यामुळें अक्षरांच्या कडा रेखीव व मधली सपाटी गुळगुळीत असते. नक्कल करणारा अस्सल पदकाचा सांचा घेऊन त्यांत धातु ओततो. ओतीव धातु थंड होतांना आकसतो. म्हणून नक्कल किंचित् लहान भरते, अक्षरें बोथट होतात व पृष्ठावर बारीक खड्डे दिसतात. झीजहि पाहावी. खरी झीज उंचवट्यांवर, पाठीवर व पट्टी ओवण्याच्या खांचेच्या कडेस असते. सर्वत्र सारखाच काळेपणा दिसल्यास संशय घ्यावा. शिवाय जुन्या इंजिनांचे मेळे व संग्राहकांच्या मंडळ्या यांनीं अलीकडच्या काळांतहि नवीं पदकें काढिलीं आहेत. त्यांत लबाडी नाहीं. पण चित्रांतील वाफेचें इंजिन पाहून पदक जुनें मानूं नये. आणि कसेंहि असो, तें चिंचेनें वा राखेनें घासूं नये. झीज व रंग हाच त्याचा पुरावा. तो एकदां गेला कीं परत येत नाहीं.

ही रीति परदेशी पदकापुरतीच नाहीं. आपल्याकडे ज्या ऑइल इंजिनांनीं विहिरींचें पाणी उपसलें, त्यांच्या अंगावरील धातूची पाटीहि अशीच वाचतां येते. इंग्लंडांतील रस्टन व हॉर्न्सबी या कंपन्या १९१८ सालीं एक झाल्या. दोन्ही नांवें जोडून असल्यास इंजिन त्या जोडणीनंतरचें, एकट्या हॉर्न्सबीचें असल्यास बहुधा आधींचें. असें इंजिन मोडींत देण्यापूर्वीं पाटीवरील नांव व क्रमांक उतरून घ्यावा, आणि शक्य तर पाटीच काढून ठेवावी. लोखंडाचे पैसे वजनावर मिळतात. पण आपल्या वडिलांचा मळा कोणत्या यंत्रानें भिजविला, हें पाटी गेल्यावर मुलांस सांगणारें कोणी उरत नाहीं.