पावणेदोन मिलिमीटरचं ‘पुणे’

पिंपरीत टाटा मोटर्सच्या कारखान्याला आजही टेल्कोच म्हणतात. टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी हे १९४५ सालचं नाव. त्यातलं लोकोमोटिव्ह मात्र पिंपरीत कधी बनलं नाही. वाफेची इंजिनं जमशेदपूरला बनत, १९७० मध्ये तीही थांबली आणि २००३ मध्ये कंपनीचं नावही बदललं. रेल्वे इंजिनाशी या पट्ट्याचं नातं शोधायचंच असेल, तर ते भोसरीच्या आणि तळवड्याच्या गाळ्यांत सापडेल, तेही भलत्याच मापात. आकुर्डी आणि चाकणच्या आसपास दुचाक्यांचा उद्योग वाढला, तशी त्यांच्या टाकीवरचे पट्टे, नावं आणि सूचनापट्ट्या छापण्याची कामंही वाढली. ज्या तंत्राने हे पट्टे टाकीवर चढतात, त्याच तंत्राने इंजिनाच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृतीवर ‘पुणे’ ही दोन अक्षरं चढवता येतात.

या छापील पापुद्र्याला डीकॅल म्हणतात. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक लॅकरची फिल्म, तिच्यावर शाई. पाण्यात बुडवलं की डिंक सुटतो आणि फिल्म शाईसकट सरकून हव्या त्या जागी बसते. आजीच्या शिवणयंत्रावरची सोनेरी वेलबुट्टी आणि जुन्या सायकलच्या नळीवरचं कंपनीचं नाव ही याच कुळातली. दुचाकीच्या टाकीवर असा डीकॅल लावून वरून क्लिअर कोट मारला की नखाला कड लागत नाही. नखाला लागते ती साध्या चिकट स्टिकरची.

छोट्या रेल्वेच्या छंदाला पुण्यात लोकांसमोर आणलं ते भाऊ जोशी यांनी. कोथरूडमधलं त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालं, आणि पुण्या-पिंपरीच्या किती तरी मुलांनी रुळांवरून आपोआप धावणारी, सिग्नल पाळणारी गाडी पहिल्यांदा तिथे पाहिली. तिथलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. जगभर हेच प्रमाण सर्वाधिक चालतं, त्यामुळे भारतीय इंजिन करू पाहणारेही बहुधा त्यातच काम करतात: परदेशी तयार चासी, वर थ्रीडी प्रिंटरवर काढलेली बॉडी. रुळांचा हिशेब करणाऱ्यांनी इथे जरा डोळेझाक करावी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, १:८७ ने तो १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. एचओचा रूळ असतो १६.५ चा. ही तफावत सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे ती पोटात घालतात.

अक्षरांची चूक मात्र कोणी पोटात घालत नाही. डब्ल्यूडीएम-२ हे आपलं सर्वांत ओळखीचं डिझेल इंजिन घ्या. मूळ आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिकडूनच आली आणि १९६४ पासून ती वाराणसीत बनू लागली. अल्को १९६९ मध्ये बंद पडली, तरी आपण तिच्याच आराखड्यावर पुढे कित्येक वर्षं इंजिनं काढत राहिलो. म्हणजे सांगाडा अमेरिकी. तो आपला कशाने होतो? बाजूवरच्या क्रमांकाने, वर्गाच्या अक्षरांनी, शेडच्या नावाने, मोठ्या दुरुस्तीच्या तारखेच्या बारक्या ओळीने. रंग थोडा इकडेतिकडे झाला तर ‘उन्हाने उडाला’ म्हणता येतं. पुण्याच्या घोरपडी शेडच्या इंजिनावर बाजारू फाँटमधलं ‘पुणे’ आलं, की जाणकार दुरूनच मान हलवतो. माझ्या मते भारतीय इंजिनाच्या प्रतिकृतीत सर्वांत अवघड आणि सर्वांत निर्णायक काम हेच आहे. थ्रीडी प्रिंटरचं कौतुक त्यानंतर करावं.

अवघड अशासाठी, की या अक्षरांना फाँट नाही. ती शेडमधल्या किंवा वर्कशॉपमधल्या पेंटरच्या हातची. कोणी शिरोरेषा जाड ओढतो, कोणी ‘णे’ची मात्रा मागे झुकवतो. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे की हिंदी, ‘५’ आणि ‘८’ कोणत्या घाटाचे, हेही पेंटरगणिक बदलतं. ‘कल्याण’ लिहिताना तर हा प्रश्न टळतच नाही. पुण्यातच तयार झालेली श्रीलिपी संगणकावर असली म्हणून इथे सुटका होत नाही. फोटो कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचा, तिरका असेल तर सरळ करायचा आणि अक्षर बिंदू-बिंदूने गिरवायचं. माप काढायला चाक उपयोगी पडतं: डब्ल्यूडीएम-२ चं नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं, त्यामुळे फोटोत चाक दिसलं की अक्षराची उंची अंदाजाने काढता येते. झिजलेल्या चाकामुळे थोडा फरक पडतो, पण १:८७ मध्ये तो मुरून जातो.

आता आकडे बघा. समजा, खऱ्या इंजिनावर अक्षर १५ सेंटिमीटर उंच आहे. प्रतिकृतीवर ते १.७ मिलिमीटर होतं. दोन सेंटिमीटर जाडीची शिरोरेषा उरते ०.२३ मिलिमीटर. ६०० डीपीआयच्या प्रिंटरला या रेषेसाठी मिळतात जेमतेम पाच ठिपके. त्यात ‘ण’चं पोट बुजतं आणि उकाराची शेपटी तुटते. १२०० डीपीआयला जीव जरा भांड्यात पडतो. रोमन अक्षरं या मापात तग धरतात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये शिरोरेषा अशा तीन मजल्यांचा संसार तेवढ्याच जागेत मांडावा लागतो.

रेडियमवाल्याकडे जाऊन कटिंग करून घेता येणार नाही का? नाही. प्लॉटरचं पातं एवढ्या बारीक वळणाला विनाइल फाडतं, आणि जाडीचाही प्रश्न आहे. विनाइल साधारण ८० मायक्रॉनचं. ८७ ने गुणलं तर खऱ्या इंजिनावर सात मिलिमीटर जाडीचा पत्रा ठोकल्यासारखं ते दिसेल. डीकॅलची फिल्म १० मायक्रॉनच्या आसपास असते. तिचा हिशेब एक मिलिमीटरच्याही आत राहतो.

खरी डोकेदुखी पांढरा रंग. गडद इंजिनावर अक्षरं बहुधा पांढरी किंवा पिवळी, आणि घरचा प्रिंटर पांढरं छापतच नाही. तो कागदाच्या पांढरेपणावर विसंबतो. पारदर्शक फिल्मवर छापलेला पिवळा गडद निळ्यावर लावला की दिसेनासा होतो. जपानच्या आल्प्स कंपनीचे रिबनवर चालणारे प्रिंटर पांढरा आणि सोनेरी छापत. त्यांची विक्री २०१० च्या सुमारास थांबली आणि जगभरचे छंदी लोक जुनी यंत्रं जिवापाड जपू लागले. ओकीचे पांढऱ्या टोनरचे प्रिंटर आले, पण ते घरगुती खिशाचं काम नव्हे. उरतो स्क्रीन प्रिंटिंगचा रस्ता, आणि तो भोसरीला जातो.

तिथलं काम सांगायला सोपं. रंगाला एक स्क्रीन. घट्ट ताणलेल्या जाळीवर इमल्शन, त्यावर फिल्म ठेवून एक्स्पोजिंग, पाण्याने धुतलं की अक्षरापुरती जाळी मोकळी होते आणि स्क्वीजीने शाई खाली उतरते. शाईचा थर भरदार असल्याने पांढरा खरोखर पांढरा दिसतो. पण बारीक कामाची जाळी सेंटिमीटरला १२० धाग्यांची धरली, तर आपल्या ०.२३ मिलिमीटरच्या शिरोरेषेखाली तीनही धागे येत नाहीत. स्क्रीन थोडी तिरकी ताणली नाही, तर रेषेला करवतीचे दात फुटतात. खर्चाचं गणितही छंदाच्या विरुद्ध: दहा पानं छापा नाही तर दहा हजार, फिल्म आणि स्क्रीनचा खर्च तोच. एका इंजिनासाठी गाळेवाला मशीन लावणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चार-पाच जणांनी आपापले क्रमांक, शेडची नावं, मध्य रेल्वेच्या ‘म. रे.’ची अक्षरं एकाच पानावर मांडून एकाच रंगात छापून घेणं हा व्यवहारी मार्ग.

छापून आलं की निम्मी लढाई उरते. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. फिल्मखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी झाक येते. म्हणून आधी ग्लॉस कोट. मग अक्षराला लागून कापलेला तुकडा चिमट्याने कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायचा, बाहेर काढून कागदावर ठेवायचा आणि थांबायचं. घाई केली तर फिल्म गुंडाळते. बोटाने हलकेच ढकलून तो सरकला, की जागेवर ओल्या ब्रशने उतरवायचा. व्हिनेगरसारखा वास येणारं सेटिंगचं द्रावण त्याला चिकटवतं; दुसरं, अधिक तिखट द्रावण फिल्म इतकी मऊ करतं, की ती झडपांच्या खाचांत आणि रिव्हेटवर रंगासारखी बसते. त्या वेळी ती सुरकुतते आणि नवखा माणूस ती सारखी करायला जातो. हात लावायचा नाही, वाळताना ती आपोआप ताणली जाते. शेवटी मॅट कोट. इंकजेटवर छापलं असेल, तर पाण्यात घालण्याआधी अॅक्रिलिक लॅकर मारायलाच हवं, नाही तर ‘पुणे’ वाटीत विरघळतं.

हे सगळं शिकता येतं. मूळ अक्षरं मात्र विकत मिळत नाहीत. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण झालं आणि अल्को घराण्याची इंजिनं भंगाराच्या वाटेवर आहेत. कर्जत-लोणावळा घाटात गाड्यांना रेटा देणारी, ‘खेकडा’ या टोपणनावाची विजेची इंजिनं तर त्याआधीच गेली. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मोजकी इंजिनं आहेत, पण नव्या रंगाखाली जुन्या पेंटरचा हात उरतोच असं नाही. तो उरला आहे घरोघरच्या अल्बममध्ये: लोणावळ्याची सहल, चिंचवड स्टेशनवरचा निरोप, मागे अर्धवट आलेलं इंजिन. असा फोटो तुमच्याकडे असेल, तर तो किमान ६०० डीपीआयला स्कॅन करा, मागे लिहिलेलं साल आणि ठिकाण त्यासोबत नोंदवा, आणि माणसांकडे बघून क्रॉप करताना इंजिन कापू नका.