प्लग-इन हायब्रिड फुल चार्ज, तरी सुरूच होत नाही?
पॉवर बटण बिघडलं, तर फुल चार्ज फोनही चालू होत नाही. गाडीचंही तसंच. मोठ्या बॅटरीला जोडणारे रिले आणि कॉम्प्युटर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. तीच डेड झाली, तर चार्जर लावूनही सहसा उपयोग नाही.

मग काय करायचं? उदाहरण टोयोटा प्रियस प्लग-इनचं:

१. रिमोटमधली धातूची चावी काढून दार उघडा.
२. बॅटरी डिकीत असते, पण जंप स्टार्टचं टर्मिनल बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये. लाल क्लिप तिथे, काळी रंग नसलेल्या धातूच्या भागाला लावा.
३. ब्रेक दाबून पॉवर बटण दाबा. ‘रेडी’ दिसलं की मोठी बॅटरी छोटीला चार्ज करू लागते.

नारिंगी केबलला मात्र हात लावू नका. तिथे जीवघेणा व्होल्टेज असतो!