उंच गाडी आणि खालचा माणूस



चिखलीच्या बाजारांत भरदुपारीं एखादी उंच, रुंद, काळ्या कांचांची मोटार शिरली म्हणजे काय होतें, तें तुम्हीं पाहिलें असेल. चिखलीस नसेल तर आपापल्या गांवीं पाहिलें असेल. कोणी कांहीं बोलत नाहीं. भाजीवाली आपली पाटी चार बोटें मागें ओढते, सायकलवाला एक पाय जमिनीस टेकतो, दुचाकीवरचे गृहस्थ गटाराच्या कडेला सरकतात. आणि गाडी निघून गेली कीं सर्वांच्या तोंडून एकच शब्द निघतो. तो नभोवाणीवर उच्चारण्याजोगा नाहीं.

हा शब्द बैलगाडीवाल्यास कोणी लावीत नाहीं. मालमोटार हांकणाराला लावतात, पण त्यांत इतका विखार नसतो. असें कां व्हावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु त्यापायीं माणसें मेलीं आहेत, आणि एकदां मी स्वतःहि त्या शब्दवाल्या गर्दींत उभा होतों. म्हणून तो किरकोळ मानावयास मी तयार नाहीं.

या गाडीचा जन्मच मुळीं चिखलासाठीं झालेला आहे. साध्या मोटारींत इंजिनाची शक्ति दोनच चाकांना मिळते. त्यांतलें एक चाक ओल्या मातींत रुतलें कीं सारी शक्ति त्या मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडे जाते. तें जागच्या जागीं गरगरतें आणि गाडी तिथेंच राहते. आमच्याकडची कपाशीची काळी जमीन तर पाणी पिऊन फुगणारी आणि चाकाला मेणासारखी चिकटणारी. चारहि चाकांना शक्ति पोंचविण्याची युक्ति तशी जुनी आहे. परंतु ती सुटसुटीत करून जगभर नेली ती दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन सैन्याच्या जीपनें. युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत मुंबईस महिंद्रा कंपनीनें विलिस जीपांची जुळवणी सुरू केली. चिखलीच्या नांवांतच चिखल ऐकूं येतो. पावसाळ्यांत इकडच्या शेतवाटा ज्यानें पाहिल्या आहेत त्याला चार चाकांच्या शक्तीचें महत्त्व व्याख्यान देऊन पटवावें लागत नाहीं.

आणि त्या जीपवर कोणाचा राग नव्हता, ही गोष्ट मला विशेष वाटते. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. तेव्हांपासून गटविकास अधिकाऱ्याची जीप हें खेड्यापाड्यांत सरकारचें चालतें रूप होतें. ती आली कीं मुलें धुरळ्यांतून मागें धांवत. पुढें आली काळी-पिवळी. एस्.टी. चुकलेल्यांचा तो आसरा. नऊ माणसांच्या जागेंत सोळा माणसें, टपावर बोचकीं, मागच्या पायरीवर लोंबकळणारा पोरगा. तीहि उंच होती, तीहि रुंद होती, तीहि भरधांव जाई, आणि नियम तर ती सकाळ-संध्याकाळ मोडी. पण आंत आपलीच मावशी पिशवी सांवरून बसलेली असली म्हणजे गाडीचा राग यावा तरी कसा?

पुढें आंत बसणारा बदलला. २००२ सालीं स्कॉर्पिओ बाजारांत आली. २ ऑक्टोबर २०२० रोजीं थारची नवी आवृत्ति आली. शेतीभाती, ठेकेदारी, राजकारण यांत चार पैसे मिळाले कीं घरानें उंच गाडी घ्यावी असा रिवाज पडला. समृद्धि महामार्ग आमच्या जिल्ह्यांतून मेहकर आणि सिंदखेड राजा यांच्या जवळून गेला, तेव्हां जमिनीचा मोबदला मिळालेल्या कित्येक अंगणांत बैलांच्या जागीं अशी गाडी उभी राहिली. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याच्या बापानें साहेबाच्या जीपला जन्मभर वाट करून दिली, त्याला एकदां तरी तेवढ्या उंचीवर बसावेंसें वाटणें मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. गंमत वाटते ती निराळ्या गोष्टीची. २०२३ च्या जानेवारींत थारची अशी एक आवृत्ति निघाली, कीं जिचीं केवळ मागचीं दोन चाकें शक्तीनें फिरतात. चिखलाचें कामच उरलें नाहीं, तरी चिखलांतून आल्याचा डौल मात्र हवा आहे.

आतां रागाकडे वळूं. त्यांतला कांहीं भाग केवळ मत्सराचा आहे, हें मान्य करूं आणि सोडून देऊं. उरलेला भाग सरळ शरीरशास्त्राचा आहे. ठेंगण्या मोटारीची धडक बहुधा पायांना बसते आणि माणूस तिच्या उतरत्या तोंडावर पडतो. उंच, सपाट तोंडाच्या गाडीची धडक कमरेस किंवा छातीस बसते, आणि माणूस पुढें फेंकला जाऊन चाकांच्या वाटेंत पडतो. अमेरिकेंतील महामार्ग-सुरक्षेच्या एका विमा-संस्थेनें २०२३ सालीं असा निष्कर्ष काढला, कीं ज्या गाडीचें तोंड ४० इंचांहून उंच असतें तिच्या धडकेंत पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंच अथवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षां सुमारें ४५ टक्क्यांनीं अधिक असतो. आणि आमच्या रस्त्यांवर मरतें कोण? २०२२ सालीं भारतांत अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं आणि ३२,८२५ पायीं चालणारीं. गटाराच्या कडेला सरकणाऱ्या त्या गृहस्थांस हे आंकडे ठाऊक नसतील. त्यांच्या गुडघ्यांना ठाऊक आहेत.

गाडीच्या अंगावर आणखी तीन दागिने असतात. पहिला पुढचा लोखंडी आडवा कठडा. धडकेचा सारा जोर तो समोरच्याच्या हाडांत घालतो. म्हणून केंद्र सरकारनें २०१७ च्या डिसेंबरांत त्यास मनाई केली. दुसरा कांचांवरचा काळा कागद. २७ एप्रिल २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो काढावयास लाविला. पुढच्या-मागच्या कांचेंतून ७० टक्के आणि बाजूच्या कांचेंतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. तिसरा दागिना क्रमांकाच्या पाटीचा: ४१४१ असा आंकडा मागून घ्यावयाचा, आणि तो असा वेलांटून काढावयाचा कीं वाचणाराला ‘दादा’ दिसावें. तिन्हीं गोष्टींस कायद्याची मनाई आहे, आणि तिन्ही राजरोस हिंडतात. माझ्या मतें रागाचें खरें मूळ येथें आहे. गाडीची उंची लोक सहन करतील. पण जो नियम माझ्या दुचाकीला चौकांत अडवितो, तोच त्या गाडीला सलाम करून सोडतो, हें रोज डोळ्यांनीं पाहावें लागतें.

मोठे खटले याच जखमेवर बसतात. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्रीं मुंबईस वांद्र्याला एक टोयोटा लँड क्रूझर पदपथावर निजलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. एक मेला, चौघे जखमी झाले. गाडी एका विख्यात चित्रपट-अभिनेत्याची. सत्र न्यायालयानें ६ मे २०१५ रोजीं त्याला पांच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षीं १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयानें आरोप सिद्ध झाला नाहीं म्हणून निर्दोष सोडलें. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. लोकांच्या मनांत मात्र तेरा वर्षें राहिली ती गाडी आणि तो पदपथ. १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्यांत कल्याणीनगरला दोघे तरुण अभियंते मेले. ती मोटार पोर्शे होती, उंच मुळींच नव्हती. परंतु अल्पवयीन आरोपीला काहीं तासांतच ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाल्याची बातमी आली, आणि तो सारा संताप रस्त्यावरच्या प्रत्येक महागड्या गाडीच्या कांचेवर जाऊन आदळला. २०२५ च्या नोव्हेंबरांत तर हरियाणाच्या पोलीस महासंचालकांनीं पत्रकारांपुढें थार गाडी आणि बुलेट मोटारसायकल यांचीं नांवें घेऊन, वाहनावरूनच हांकणाराची मनोवृत्ति कळते अशा आशयाचें विधान केलें. बाजारांतल्या माणसानें असें बोलणें वेगळें. ज्याच्या हातीं कायदा आहे त्यानें वाहन पाहून माणूस ठरविणें मला धोक्याचें वाटतें. त्यानें पाटी पाहावी, कांच पाहावी, वेग पाहावा.

परदेशांतहि हें वैर आहे, पण त्याची जात निराळी. पॅरिसनें ४ फेब्रुवारी २०२४ रोजीं मतदान घेऊन बाहेरून येणाऱ्या अवजड मोटारींचें शहरांतील उभें राहण्याचें भाडें तिप्पट केलें; मध्यवस्तींत तें तासाला १८ युरो. मतदारांपैकीं सहा टक्केहि मतदानास आले नाहींत, आणि आलेल्यांत ५४ टक्क्यांचा कौल पडला, हें सांगितलें पाहिजे. ब्रिटनमध्यें २०२२ च्या मार्चपासून कांहीं मंडळी रात्रीं हिंडून अशा गाड्यांच्या चाकांतील हवा सोडूं लागली. तोटीच्या टोपणांत मसुरीचा दाणा घालावयाचा, कीं हवा सावकाश निघून जाते; आणि कांचेवर पत्रक ठेवावयाचें, कीं राग मालकावर नाहीं, गाडीवर आहे. ही रीति मी योग्य म्हणत नाहीं. सकाळीं त्या गाडींतून कोणा रुग्णास न्यावयाचें असेल, हें मसुरीच्या दाण्याला कसें कळावें? तथापि त्यांच्या रागाचा रोख यंत्रावर आहे. आमच्याकडे तो माणसावर आहे, आणि येथें एक मोठी चूक होते. त्यांच्या देशांत गाडीचा मालक बहुधा स्वतःच गाडी हांकतो. आमच्याकडे मालक पुष्कळदां मागें बसलेला असतो, किंवा घरीं असतो. पुढें असतो तो महिन्याच्या पगाराचा नोकर.

आतां माझी गोष्ट सांगतों. गेल्या श्रावणांत मी चिखलीस नातलगांकडे गेलों होतों. आठवडी बाजाराचा दिवस, वर रिमझिम. एक पांढरी उंच गाडी भोंगा वाजवीत गल्लींत शिरली आणि शाळेच्या गणवेशांतला एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा सायकलीसकट तिच्या तोंडापुढें पडला. क्षणांत पन्नास माणसें जमलीं. कोणी वजनाचें माप उचलून बाजूची कांच फोडली. “ओढा त्याला बाहेर!” असें जे ओरडले त्यांत मी होतों, माझें वय साठाच्या पुढें आहे आणि मी जन्मभर शाळेंत शिकविलें आहे. दार उघडलें. आंतून निघाला बावीस-तेवीस वर्षांचा एक काटकुळा पोरगा, हात जोडलेला. मागच्या बैठकीवर मालकाच्या नातवाचें दप्तर आणि दुधाची बरणी. दोन थपडा बसल्या, तिसरी बसणार, तोंच एक बांगड्यावाली मध्यें शिरली. “काहून मारता त्याले? थो नोकर माणूस हाये. आधी लेकराले दवाखान्यांत न्या!”

तेव्हां आम्हीं वळून पाहिलें. तो मुलगा गटाराच्या दगडावर बसून, एका हातानें दुसरें मनगट धरून, आवाज न करतां रडत होता. दहा मिनिटें त्याच्याकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें.

दवाखान्यांत त्याला त्याच गाडींतून नेलें. सुजलेल्या गालानें तो पोरगाच हांकीत होता. मी शेजारीं बसलों, मुलगा माझ्या मांडीवर. त्या उंचीवर मी आयुष्यांत प्रथमच बसत होतों. वरून गल्ली वेगळीच दिसते. दूरचें सारें स्पष्ट; आणि अगदीं तोंडाजवळ, जेथें पाट्या, हातगाड्या आणि मुलें असतात, तेथें नुसता पत्रा. सायकलवरचें मूल त्या पत्र्याआड पुरतें झांकलें जातें. “मले दिसलाच नाही, काका,” असें तो दोनदां म्हणाला. त्याआधीं मीं त्यावर विश्वास ठेवला नसता.

मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमांत अपघातानंतर चालकाचें कर्तव्य सांगितलें आहे: जखमीस वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, परंतु जमावाच्या क्षोभामुळें तें शक्य नसल्यास ही सक्ति नाहीं. आमच्या कायद्याला आमचा स्वभाव एवढा ठाऊक आहे! पळून जाणारा चालक भेकड असतो, कित्येकदां निर्दय असतो. पण गर्दी त्याला पळण्याचें एक कायदेशीर कारण हातांत देते, आणि रस्त्यावर पडलेला तसाच राहतो. उत्तर प्रदेशांत लखीमपूर खेरी जिल्ह्यांत ३ ऑक्टोबर २०२१ रोजीं आंदोलक शेतकऱ्यांवर थारसह मोटारी गेल्या; चार शेतकरी आणि एक पत्रकार मेले. त्यानंतर जमावानें मोटारींतल्या तिघांस ठार केलें, आणि त्यांत एक नुसता चालक होता. पहिल्या पांचांच्या मृत्यूचा संताप ज्याला येत नाहीं त्याच्याशीं मला बोलावयाचें नाहीं. पण त्या चालकाचेंहि घर होतें.

चिखलीच्या त्या मुलाचें मनगट मोडलें होतें. सहा आठवड्यांनीं प्लास्टर निघालें. आतां तो पुन्हा सायकल चालवितो, असें त्याच्या वडिलांनीं दूरध्वनीवर सांगितलें. औषधाचा खर्च गाडीच्या मालकानें दिला. कांच फुटली म्हणून पोराला मात्र त्याच आठवड्यांत कामावरून काढलें. नवी कांच बसली आहे, आणि तिच्यावरचा कागदहि पूर्वींप्रमाणेंच काळा आहे.