पाहुण्याच्या पोटातले कसे ओळखावे?

वाचकहो, संगणकाच्या जगातही पाहुणे आणि यजमान असतात. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालविता येतो. त्या दुसऱ्याला स्वतःचे अंग नसते. त्याची स्मृती, त्याची डिस्क, सारे काही पहिल्याने त्याला भासविलेले असते. यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आत नांदणारी प्रणाली ती पाहुणी आणि जागा देणारा तो यजमान. आता ही पाहुणी आतल्या आत कोसळली, तर कारण कोणाला विचारावे?

आमचा एक जुना विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन एका शनिवारी सायंकाळी घरी आला. विद्यापीठाच्या कामासाठी त्याने लिनक्सचे कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, स्वतः बांधले होते. क्यूईएमयू नावाच्या साधनात ते चालू केले की पडदा काळा. एक अक्षर उमटेना. तीन रात्री गेल्या होत्या आणि सोमवारी काम द्यायचे होते. "गुरुजी, मित्राचेच कर्नेल उचलून देतो," तो म्हणाला. आम्ही पडलो मराठीचे मास्तर. "बाबा रे, आधी काय काय केलेस ते तर सांग," एवढेच आम्ही म्हणालो आणि चहा ठेवला.

त्याने सांगितले ते असे. क्यूईएमयू हे फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ साली लोकांपुढे ठेवलेले साधन. त्यात पाहुणीला पहिले पाऊल टाकण्याआधीच रोखून धरता येते. मग यजमानाकडचा जीडीबी हा दोषशोधक १२३४ क्रमांकाच्या पोर्टवर तिला जोडायचा. अमुक ठिकाणी थांब, तमुक जागी स्मृतीत काय आहे ते दाखव, असे तिला बाहेरून फर्मावता येते.

ही युक्ती जुनीच आहे. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६७ च्या जानेवारीत सीपी-४० ही व्यवस्था वापरात आली; पुढे १९७२ साली व्हीएम/३७० जाहीर झाली. तिच्यात एडीस्टॉप अशी आज्ञा होती. पत्ता द्या, पाहुणी त्या पत्त्यावर थांबे. नवी प्रणाली घडविणाऱ्यांना त्यासाठी अख्खे खरे यंत्र अडवून बसावे लागत नसे.

पण आमच्या विद्यार्थ्याची पाहुणी काही थांबत नव्हती. खूण केलेली जागा ओलांडून ती खुशाल पुढे जाई. यजमानाला दिसतात ते नुसते पत्ते आणि आकडे. कोणता पत्ता म्हणजे कोणते काम, हे कर्नेल बांधताना तयार झालेल्या नकाशावरूनच कळते. आणि हल्लीचे कर्नेल चोराला सापडू नये म्हणून दर वेळी जागा बदलून बसते! नकाशा जुन्या घराचा, बिऱ्हाड भलतीकडे. सुरुवातीच्या आज्ञेत 'नोकेएएसएलआर' हा शब्द घातला की ते ठरल्या जागी राहते. शिवाय साधी खूण म्हणजे स्मृतीत खुपसलेली एक बाइट. कर्नेल स्वतःला उलगडून तिथे मांडते तेव्हा ती खूण पुसली जाते. म्हणून इतक्या लवकर थांबवायचे तर प्रोसेसरच्या अंगच्या खुणा वापराव्यात. नेहमीच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरात त्या चारच असतात.

हे सांगता सांगताच तो उठला, शब्द घातला, खूण बदलली. पाहुणी थांबली. पुढे जाऊ दिली. पडदा पुन्हा काळा. मग मात्र त्याने जीडीबीला कर्नेलची नोंदवही मागितली. त्यासाठी 'एलएक्स-डीमेसेज' अशी आज्ञा आहे. ती पाहुणीच्या स्मृतीतून सगळ्या नोंदी थेट वाचते. एकामागून एक ओळी आल्या आणि शेवटी होते: मूळ डिस्क जोडता आली नाही. व्हर्टिओ डिस्कचा ड्रायव्हर त्याने कर्नेलमध्ये घातलाच नव्हता. बिचारी तीन रात्री हेच सांगत होती. पण आपले बोलणे कोणत्या कन्सोलवर पाठवायचे, हेही त्याने तिला सांगितले नव्हते.

थांबविण्याचा हा उपाय सगळीकडे चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. पाहुणी थांबली तरी बाहेरचे घड्याळ चालूच राहते. जाळ्यावरून तिच्याशी बोलणारा दुसरा संगणक वाट पाहून निघून जातो, आणि शोधायचा दोषच बदलतो. अशा वेळी थांबवायचे नाही, नुसती पाळत ठेवायची. इंटेलने २००५ पासून आणि एएमडीने २००६ पासून प्रोसेसरातच पाहुण्यांची सोय केली आहे. त्यात पाहुणी बहुतेक काम थेट प्रोसेसरवर करते आणि अडले की यजमानाकडे बाहेर येते. लिनक्सवर 'पर्फ केव्हीएम' हे साधन ती किती वेळा बाहेर आली आणि कशासाठी, याचा हिशेब ठेवते. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर २००५ साली पाहुणीचे झालेले काम नोंदीवरून मागे नेऊन पुन्हा पाहण्याची रीतही दाखविली.

चहा केव्हाच निवला होता. ड्रायव्हर घालून कर्नेल पुन्हा बांधायला बराच वेळ लागला, तोवर आमच्याकडेच जेवण झाले. साडेदहाच्या सुमारास पडद्यावर अक्षरे उमटली. सोमवारी त्याने स्वतःचेच कर्नेल दिले, आणि सोबत त्या काळ्या पडद्याची हकीकत दोन पाने लिहून जोडली.